प्रत्येक कुटुंबामागे एक माणूस, आणि तो आधीच ठरलेला: गोवा सरकारला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, गोवा राज्य,
तथा अध्यक्ष, गोवा राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, पणजी

प्रत माहितीसाठी: मा. पोलिस महासंचालक, मा. सदस्य सचिव, गोवा राज्य विधी सेवा प्राधिकरण, मा. अधिष्ठाता, गोवा वैद्यकीय महाविद्यालय, बांबोळी, मा. संचालक, मानसोपचार व मानवी वर्तन संस्था, बांबोळी

सन्माननीय महोदय,

उद्या गोव्यात एखाद्या बाजारात, जत्रेत, किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये किंवा देवळाच्या, चर्चच्या, मशिदीच्या दारात गोळीबार झाला, स्फोट झाला किंवा जमाव चाल करून आला, तर पहिल्या तासात काय करायचे ते पोलिसांना, अग्निशमन दलाला आणि 108 च्या मुलांना ठाऊक आहे. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. हे पत्र त्या तासानंतर सुरू होणाऱ्या आणि कित्येक वर्षे न संपणाऱ्या काळाबद्दल आहे. मागणी एकच आहे. अशा घटनेत गेलेल्या आणि जखमी झालेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना सरकारने एक माणूस नेमून द्यावा. त्याचे नाव आणि फोन नंबर घरच्यांच्या हातात असावा, आणि तो माणूस कोण असणार हे घटना घडण्याच्या आधी ठरलेले असावे.

मी डिचोली तालुक्यातली. सरकारी नोकरीत परिचारिका म्हणून माझी हयात गेली, त्यातली बरीच वर्षे कॅज्युअल्टीत. आता निवृत्त आहे.

"असले अभद्र कशाला बोलता," हे मला घरातही ऐकावे लागले. गोवा शांत आहे हे खरे, आणि तो तसाच राहावा म्हणून मीही देवाला सांगणे करते. पण मार्च 2006 मध्ये सावर्डे-कुडचडे भागात जमावाने दुकाने फोडली, ते तिथले लोक विसरलेले नाहीत. 16 ऑक्टोबर 2009 रोजी, दिवाळीच्या आदल्या नरकासुराच्या रात्री, मडगावात स्कूटरमधून नेली जाणारी स्फोटके फुटली आणि ती नेणारे दोघेच मेले. गर्दीतल्या माणसांचे त्या रात्री नशीब बलवत्तर होते. नशिबावर राज्याची व्यवस्था उभी करता येत नाही. 2011 च्या जनगणनेत 14 लाख 58 हजार लोकसंख्या असलेल्या या राज्यात वर्षाला 1 कोटीहून अधिक पर्यटक येतात. बालीत 12 ऑक्टोबर 2002 च्या रात्री नाईटक्लबवर बॉम्बहल्ला होऊन 202 माणसे गेली. फ्रान्समधल्या नीस शहरात समुद्रकाठच्या रस्त्यावर 14 जुलै 2016 ला ट्रक घालून 86 जणांना मारले. पहलगामला 22 एप्रिल 2025 ला 26 जणांना गोळ्या घातल्या, त्यांत डोंबिवली, पुणे, पनवेलची आपली माणसे होती. ही सगळी ठिकाणे सुट्टी घालवायला जायची आहेत, आपल्यासारखीच.

आणि आपण दोन मोठे धक्के नुकतेच सोसले आहेत. 3 मे 2025 च्या पहाटे शिरगावात श्री लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, 6 जणांचे प्राण गेले, कितीतरी धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, जखमी झाले. त्याच वर्षी 6 डिसेंबरच्या मध्यरात्री हडफडे येथील नाईटक्लबला आग लागून 25 जण गेले. त्यांत बहुतेक तिथे राबणारे कामगार होते, उत्तराखंड, झारखंड, आसाम, नेपाळ अशा लांबच्या मुलखांतून आलेले. त्याआधी 4 जानेवारी 2014 ला काणकोणात चावडी या भागातली बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळून 31 मजूर दगावले होते. या घटना हल्ल्याच्या नव्हेत, हे मला कळते. पण मागे राहिलेल्यांचे पहिले चार दिवस कसे जातात हे तिथे दिसले, आणि हल्ल्यानंतरचे चार दिवस याहून कठीण असतात.

ते का कठीण असतात, हे फाईलवर शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत पोचायला हवे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

अपघातात मृतदेह हा घरच्यांचा असतो. हल्ल्यात तो आधी पुरावा असतो. शवचिकित्सा, छायाचित्रे, डीएनएचे नमुने, शरीरात अडकलेला छर्रा, सगळे तपासाचे. गेलेल्याचे कपडे, पाकीट, मोबाईल हा मुद्देमाल होतो. ज्या मोबाईलमध्ये मुलाचे शेवटचे फोटो आहेत तो सीलबंद पाकिटात जातो आणि आईला परत कधी मिळणार हे कोणी सांगत नाही. जखमी हा रुग्ण असतो आणि साक्षीदारही असतो. सलाईन चालू असताना जबाब द्यावा लागतो. ज्याने हे केले तो कदाचित जिवंत असतो, कदाचित फरार असतो, आणि घरच्यांना बाहेर पडायची भीती वाटते. हल्ला धर्म बघून झाला असेल तर दुःख करायलाही मोकळीक राहत नाही. अंत्ययात्रेला पोलिस बंदोबस्त लागतो, आणि शेजारी दोन दिवस दार उघडत नाहीत. या सगळ्यात त्या घराला धरून ठेवणारे माणूस लागते.

मी स्वतः पाहिलेले एक सांगते. रुग्णालयाचे नाव घेत नाही, कारण हे कुठेही घडू शकते. परराज्यातला एक तरुण धाकट्या भावाचा मृतदेह न्यायला आला होता. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात आधारकार्डाच्या झेरॉक्स आणि रेल्वेचे तिकीट. पोलिस चौकीत त्याने भावाचे नाव, वय, वडिलांचे नाव सांगितले. शवागाराच्या खिडकीवर तेच सांगितले. मग ज्या पंचायतीच्या हद्दीत मृत्यू झाला तिथे मृत्यूची नोंद करायला हवी म्हणून तिकडे गेला, ती कचेरी बंद होती. विमानाने न्यायचे तर शव टिकवण्याची प्रक्रिया केल्याचा दाखला हवा, पोलिसांचा ना हरकत दाखला हवा, पेटी हवी. पेटी कुठे मिळते हे त्याने मला विचारले. मीही चार फोन केल्यावर सांगू शकले. त्याला कोणी हिडीसफिडीस केली नाही, प्रत्येक खिडकीवरच्या माणसाने आपापले काम नीट केले. पण सगळ्या खिडक्या मिळून जो एक रस्ता होतो, तो त्याला दाखवणे हे कोणाच्याच कामात लिहिलेले नव्हते.

हे काम कोणाच्या तरी नावावर लिहा, एवढेच मी मागते आहे.

नॉर्वेत 22 जुलै 2011 ला ऑस्लो आणि उटोया बेटावरच्या हल्ल्यांत 77 जण मारले गेले, त्यांत बहुतेक शिबिराला आलेली तरुण मुले. बेटावरून वाचलेली मुले देशभरच्या गावांत आपापल्या घरी परतली. तेव्हा तिथल्या आरोग्य खात्याने गावोगावच्या पालिकांना सांगितले की प्रत्येक वाचलेल्या मुलाला आणि प्रत्येक शोकग्रस्त कुटुंबाला एक ठरलेला संपर्क-माणूस द्या, निदान वर्षभर तो त्यांच्याशी जोडलेला असू दे, आणि त्यांनी मदत मागायची वाट बघू नका, तुम्ही फोन करा. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी आणि वर्षाने त्यांची विचारपूस ठरवून करायची. यातले "तुम्ही फोन करा" हे मला सगळ्यात मोलाचे वाटते. दुःखातला माणूस मदत मागत नाही, हे वॉर्डात काम केलेली कोणीही सांगेल. तो "बरे आहे" म्हणतो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो.

असा माणूस गोव्यात कुठून आणायचा? माझ्या मते तो इथेच आहे. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक आहेत. मामलेदार कचेरीत, समाजकल्याण खात्यात, महिला व बालविकास खात्यात गाव ओळखणारी माणसे आहेत. निवृत्त परिचारिका, निवृत्त शिक्षिका तालुक्यातालुक्यात आहेत. बारा तालुक्यांतून पुरेशी माणसे निवडा, त्यांना शिकवा, ओळखपत्र द्या, आणि दरवर्षी यादी ताजी करा. निवडताना भाषा बघा. कोंकणी, मराठी, हिंदी, कन्नड बोलणारे सहज मिळतील. नेपाळी, बंगाली, ओडिया, रशियन बोलणारा शोधून ठेवावा लागेल. रात्री दोन वाजता दुभाषा शोधायला निघालो तर तो मिळत नाही, आणि मग बापाला मुलाच्या मृत्यूची बातमी हॉटेलच्या वेटरकडून समजते.

शिकवण्यासाठी बाहेर जायची गरज नाही. गोव्यातच 1996 साली सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, साध्या शिकलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार करून दाखवले, आणि ते काम जगभर वाखाणले गेले. बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सरकारी सेवेचा नंबर ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचे सार असे: आजूबाजूला बघा, ऐका, आणि ज्या मदतीची गरज आहे तिच्याशी जोडून द्या. पाणी द्या, चटई द्या, घरच्यांशी बोलणे करून द्या. आणि काय करू नये हेही तितकेच स्पष्ट आहे. पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोल बसवून "काय पाहिले ते सांगा, मन मोकळे करा" असे करू नये. बोलायची बळजबरी केल्याने फायदा होत नाही, काहींना अपायच होतो. आपल्याकडे हे हौसेने केले जाते. ज्याला बोलायचे असेल त्याच्याजवळ बसावे, ज्याला नसेल त्याला गप्प राहू द्यावे. बहुतेक माणसे आपल्या माणसांत राहून हळूहळू सावरतात. ज्यांची झोप महिना-दोन महिन्यांनीही परत येत नाही, जी फटाक्याच्या आवाजाने टेबलाखाली जातात, त्यांना ओळखून तज्ज्ञाकडे न्यायचे, हे त्या संपर्क-माणसाचे काम.

यात पीडित कोण, याची व्याख्या आखूड करू नका. जे वाचले पण ज्यांना ओरखडाही आला नाही ते पीडितच. शिरगावात ज्या गावकऱ्यांनी माणसे उचलून गाडीत घातली तेही. शवागारात काम करणारा नोकर, पहिला पोचलेला पोलिस शिपाई, रुग्णवाहिकेतला मुलगा, ही माणसे दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर येतात म्हणून त्यांना काही झाले नाही असे समजू नये. आमच्या वेळी असे काही झाले की चहा प्यायचा आणि पुढचा पेशंट बघायचा. त्याची किंमत काही जणींनी नंतर भरली.

आता जागेबद्दल. नातेवाईक कुठे जमणार? आज ते आपोआप शवागारासमोर आणि कॅज्युअल्टीच्या दारात जमतात, तिथेच कॅमेरे असतात, तिथेच पुढारी येतात, आणि स्ट्रेचर न्यायलाही वाट राहत नाही. लास वेगासमध्ये 1 ऑक्टोबर 2017 च्या रात्री संगीताच्या कार्यक्रमावर गोळीबार झाला. तेव्हा 58 जण गेले, पुढे जखमांनी आणखी दोघे. मृतांतले निम्म्याहून अधिक शेजारच्या कॅलिफोर्निया राज्यातले, म्हणजे पाहुणेच. दुसऱ्या दिवशी तिथल्या मोठ्या सभागृहात नातेवाइकांसाठी केंद्र उघडले: पोलिस, मृत्यूची नोंद करणारे, विमानाची तिकिटे काढून देणारे, नुकसानभरपाईचे अर्ज भरून घेणारे, समुपदेशक, सगळे एका छताखाली, आणि पत्रकार बाहेर. तीन आठवड्यांत त्याचे कायमस्वरूपी आधार केंद्र झाले. आपल्याकडे ताळगाव पठारावरचे श्यामाप्रसाद मुखर्जी इनडोअर स्टेडियम आहे, म्हापशाला पेडेचे क्रीडासंकुल आहे, नावेलीला मनोहर पर्रीकर इनडोअर स्टेडियम आहे. उत्तरेत घडले तर कुठे, दक्षिणेत घडले तर कुठे, चावी कोणाकडे, जेवण कोण पुरवणार, लहान मुलांना कुठे बसवणार, हे कागदावर आधी उतरवून ठेवा. पोलिस ठाण्यात हे केंद्र ठेवू नका. ज्याच्या घरातला माणूस गेला त्याला आरोपींच्या बाकावर बसवायचे नसते.

नंबरही एकच हवा. मँचेस्टरमध्ये 22 मे 2017 ला कार्यक्रमाच्या सभागृहात स्फोट होऊन 22 जण गेले, तेव्हा नातेवाइकांसाठीची आपत्कालीन फोन यंत्रणा त्या रात्री चालूच झाली नाही. नंतरच्या चौकशी अहवालात त्यावर कडक ताशेरे आले. आईबाप रुग्णालयामागून रुग्णालये पालथी घालत फिरले. आपल्याकडे जखमी बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात, म्हापशाच्या आझिलो रुग्णालयात, मडगावच्या जिल्हा रुग्णालयात आणि खासगी इस्पितळांत विखुरले जाणार. सगळीकडची नावे एका यादीत यायला हवीत आणि ती यादी एकाच ठिकाणाहून सांगितली जायला हवी. भिंतीवर डकवलेल्या कागदावर आणि व्हॉट्सॲपवर नव्हे. शवागारातला फोटो आईच्या मोबाईलवर कोणाच्या तरी ग्रुपमधून पोचणे, हे क्रौर्य आहे. फोटो काढणारा रुग्णालयाचा माणूस असेल तर त्याच्यावर कारवाई व्हावी.

ओळख पटवण्याची घाई करू नये, हेही सांगायला हवे. बालीत नातेवाइकांनी चेहरा आणि कपडे बघून ओळखलेले काही मृतदेह चुकीचे निघाले, म्हणून बोटांचे ठसे, दात आणि डीएनए यांवरच भर द्यावा लागला. याला वेळ लागतो. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये 15 मार्च 2019 ला दोन मशिदींत 51 जणांना मारले, तेव्हा लवकर दफन करण्याची रीत असलेल्या घरच्यांना दिवसेंदिवस थांबावे लागले. मग काय करायचे? घरच्यांना खरे कारण सांगायचे, रोज सकाळ-संध्याकाळ सांगायचे, आणि त्यांच्या धर्माचे जाणते माणूस पहिल्या दिवसापासून सोबत ठेवायचे. "साहेब आल्यावर बघू" या उत्तराने माणूस जितका खचतो तितका "अजून दोन दिवस लागतील" याने खचत नाही.

साहेबांचा विषय निघाला म्हणून, महोदय, एक गोष्ट नम्रपणे पण स्पष्टपणे लिहिते. घटनेनंतर मंत्री, आमदार आणि पक्षांचे पदाधिकारी वॉर्डात येतात. त्यांच्या मनात कळकळ असते. पण त्यांच्यामागे वीस माणसे आणि कॅमेरा असतो, आणि त्या अर्ध्या तासात ड्रेसिंग थांबते. आपण स्वतः नियम घालून द्यावा: पहिले तीन दिवस अतिदक्षता विभागात आणि शवागारात कोणीही भेटीला जाणार नाही, भेट होईल ती नातेवाईक केंद्रात, कुटुंबाने हो म्हटले तर, आणि कॅमेऱ्याशिवाय. हा नियम आपण पाळलात तर बाकीचे पाळतील.

पैशाचे थोडक्यात, कारण कायदा पुष्कळसा तयार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 प्रमाणे पीडितांना भरपाई द्यायची योजना राज्याने करायची असते, आरोपी सापडला नाही तरी अर्ज करता येतो, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला तातडीची अंतरिम मदत देता येते. दहशतवादी आणि जातीय हिंसाचारातल्या नागरिक बळींसाठी केंद्राची वेगळी योजना 2008 पासून आहे, तिची रक्कम 2016 मध्ये 3 लाखांवरून 5 लाख झाली. जमावाच्या हिंसेबाबत सर्वोच्च न्यायालयाने 17 जुलै 2018 च्या निकालात राज्यांना भरपाईची योजना करायला आणि 30 दिवसांत अंतरिम मदत द्यायला सांगितले. मजुराच्या बायकोला यातले एक अक्षर माहीत नसते. अर्ज घेऊन तिने कचेरीत यावे अशी अपेक्षा न ठेवता, तिच्या संपर्क-माणसाने अर्ज तिच्याकडे न्यावा. मुद्देमालाबाबतही तसेच. संहितेच्या कलम 497 ने आता वस्तूंचे फोटो आणि व्हिडिओ करून ठेवून त्यांच्या वासलातीचा आदेश न्यायालयाने 30 दिवसांत द्यायची तरतूद केली आहे. मंगळसूत्र, घड्याळ, मुलाचे दप्तर परत द्यायला खटला संपायची वाट बघू नका. आणि परत देताना त्यावरचे रक्त पुसून द्या, किंवा घरच्यांना विचारून जसेच्या तसे द्या. लास वेगासला तिथल्या तपास यंत्रणेच्या पीडित साहाय्य विभागाने वस्तू स्वच्छ करून परत केल्या होत्या. पोलिसांना हे जमते. त्यासाठी ते कोणाचे तरी काम असावे लागते.

परत गेलेल्यांचे काय, हा गोव्यापुढचा खरा कठीण प्रश्न आहे. आपल्याकडचा पीडित बहुधा आपल्याकडे राहणार नाही. सावंतवाडी, दोडामार्गहून रोज ये-जा करणारी मुले संध्याकाळी घरी जातात. झारखंडचा स्वयंपाकी, नेपाळचा सुरक्षारक्षक, दिल्लीचे जोडपे, सगळे आठवड्यात पांगतील, आणि हडफडेच्या आगीनंतर नेमके तेच झाले. अशा वेळी गोव्याच्या संपर्क-माणसाने फाईल बंद करू नये. त्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणातल्या एका नावापर्यंत ती पोचवावी, पोचल्याची खात्री करावी, आणि सहा महिन्यांनी स्वतः पुन्हा फोन करावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे देशभर आहेत, 15100 हा त्यांचा नंबर सगळीकडे चालतो. सिंधुदुर्ग, बेळगाव आणि कारवारशी तर लेखी करार आजच करता येईल.

शेवटचे खटल्याबद्दल, कारण तिथे माणसे सगळ्यात जास्त एकटी पडतात. मुंबईच्या लोकलमध्ये 11 जुलै 2006 ला स्फोट झाले, 180 हून अधिक माणसे गेली. उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 ला 12 ही आरोपींना दोषमुक्त केले. दहा दिवसांनी, 31 जुलैला, 2008 च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयात सुटले. मृतांच्या वारसांना 2 लाख आणि जखमींना 50 हजार देण्याचा आदेश त्या निकालात होता. निकाल बरोबर की चूक हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. मी त्या घरांचा विचार करते, जिथे एकोणीस वर्षांनी, सतरा वर्षांनी टीव्ही लावल्यावर हे समजले असेल. आता संहितेच्या कलम 193 प्रमाणे तपासाची प्रगती 90 दिवसांत पीडिताला कळवायची आहे. ते पत्र रजिस्टर पोस्टाने टाकून मोकळे होऊ नका. त्यांच्या माणसाने ते वाचून, समजावून सांगावे. साक्षीचे समन्स आले तर सोबत कोर्टात जावे, निकालाच्या आदल्या दिवशी फोन करावा. हा माणूस बदलला, निवृत्त झाला, तर नव्या माणसाची ओळख जुन्याने घरी जाऊन करून द्यावी.

हा विषय कायदा-सुव्यवस्थेचा म्हणून गृह खात्याचा, की आपत्तीचा म्हणून महसूल खात्याचा, या चर्चेत वर्ष जाईल अशी मला भीती आहे. आपण दोन्हीकडे बसता, म्हणून पत्र आपल्याला लिहिले. दोन्ही खात्यांवर वचक असलेला एक नोडल अधिकारी नेमा आणि राज्याच्या आपत्ती आराखड्यात पीडितांना आधार देण्याबद्दल जे प्रकरण आहे किंवा होईल ते कोंकणी, मराठी आणि इंग्रजीत जाहीर करा, म्हणजे पंचायतीत, जत्रा समितीत, चर्चच्या आणि मशिदीच्या मंडळींत ते वाचले जाईल.

7 मे 2025 ला देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली, सायरन वाजले. पुढच्या तालमीत एक भर घालावी. स्ट्रेचरवर झोपणारे स्वयंसेवक असतात, तसे काही स्वयंसेवक नातेवाईक म्हणून उभे करा. एकीला हुबळीहून फोन करू द्या, "माझा मुलगा तिथे कामाला होता, तो कुठे आहे?" आणि घड्याळ लावून बघा, किती वेळाने, किती जणांकडे फिरून आणि कोणत्या भाषेत तिला उत्तर मिळते. एकाला नेपाळी बोलणारा भाऊ करा. एकाला आठ वर्षांची मुलगी करा, जिचे आईवडील दोघेही यादीत नाहीत. या तालमीतून जे उघडे पडेल त्यावरून आराखडा सुधारा.

अशा तालमीसाठी आणि पुढच्या कामासाठी डिचोली आणि सत्तरीतल्या आम्ही काही निवृत्त परिचारिका आणि शिक्षिका नावे द्यायला तयार आहोत. आमच्यापैकी बऱ्याच जणींना कन्नड आणि हिंदी येते. प्रशिक्षण कुठे आणि नावे कोणाकडे द्यायची, तेवढे कळवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, डिचोली